आपोआप गेलेली स्क्रीन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, अमरावती मुक्कामी आमच्या राहत्या घरी माझ्या सुनेच्या लॅपटॉपची स्क्रीन आपोआप गेली. ‘आपोआप’ हा शब्द मी जपून वापरते आहे. पुढे कंपनीच्या कागदावर हाच शब्द लागला, आणि कागदावर जे लागतं तेच घडलेलं असतं, एवढं चौथीपर्यंतच्या शिक्षणातही मला कळलेलं आहे.

स्क्रीन गेली म्हणजे पूर्ण गेली नाही. उजवीकडचा भाग शाबूत होता. डावीकडे खालून वर एक तडा, त्याच्याभोवती शाई सांडल्यासारखा काळा डाग, आणि डागाच्या कडेला हिरव्या-जांभळ्या रेघा. सून म्हणाली, गेली. मुलगा अमोल शेतावर निघाला होता, तो चप्पल घालता घालता वाकून पाहून म्हणाला, गेली. अमोलच्या बाबांनी, म्हणजे खुशालरावांनी, पेपरातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा पेपरात घातलं. त्यांचं असंच असतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आदल्या दिवशी दसरा झाला होता. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. माझ्या सासूच्या वेळी विळे आणि वखर पाटावर बसायचे. आता फवारणीचा पंप, शिलाई मशीन आणि अमोलची मोटरसायकल असते. ज्यावर घरचं माणूस राबतं ते हत्यार, असा माझा नियम. त्या नियमानं यंदा सुनेचा लॅपटॉपही पाटावर बसला. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, निरांजन, सगळं यथासांग झालं. त्यानंतर तो बिघडला, याचा पूजेशी संबंध जोडायचं कारण नाही. पूजा फवारणीच्या पंपाचीही झाली होती आणि तो आजही चालतो.

सून सीमा, वय एक्केचाळीस. तिनं तीन वर्षांपूर्वी बाहेरून एम.ए. करायला घेतलं. मी चौथी, माझी सून एम.ए., हे मी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिला मागे फिरायची सोय राहिली नव्हती. शेवटच्या वर्षाला तिनं जो प्रबंध लिहिला त्याचं नाव ‘वऱ्हाडी बोलीतील टोमणे : संकलन आणि अभ्यास’. त्यासाठी तीन वर्षं ती वही घेऊन माझ्या मागे फिरली. मी भाजीवालीला बोलले की ती लिहून घ्यायची, तिला स्वतःला बोलले तरी लिहून घ्यायची, आणि वर विचारायची, आई, हा उन्हाळ्यातला की बारमाही? प्रबंधात एकूण एकशे चाळीस टोमणे आहेत. त्यातले एकशे एकतीस माझे. उरलेले नऊ माझ्या सासूचे, पण तेही माझ्याच तोंडून घेतलेले.

या प्रबंधाची तोंडी परीक्षा दहा दिवसांवर होती. सोमवार, सकाळी अकरा. घरीच लॅपटॉपसमोर बसायचं, परीक्षक समोर दिसणार, आणि प्रबंधाची पानं उघडून दाखवत उत्तरं द्यायची. मोबाईल चालणार नव्हता. दुसऱ्याचा लॅपटॉपही चालणार नव्हता, कारण विद्यापीठानं पंधरा दिवस आधी सीमाचा लॅपटॉप तपासून, नोंदवून, त्यालाच परीक्षेला बसायची परवानगी दिली होती. सीमाऐवजी दुसरी बाई बसली असती तर विद्यापीठाला किती वेळानं कळलं असतं सांगता येत नाही, पण लॅपटॉपऐवजी दुसरा लॅपटॉप बसला तर लगेच कळणार होतं. सोमवार हुकला की वर्ष गेलं.

वॉरंटीचे अडीच महिने शिल्लक होते. कंपनीचा माणूस घरी येऊन स्क्रीन बदलून देतो, असं खुद्द कंपनीनंच लिहिलेलं होतं. सीमानं फोन लावला, पण तिचा आवाज रडवेला झाला, आणि रडवेला आवाज फोनच्या मशीनला समजत नाही. म्हणून फोन मी घेतला.

मशीन म्हणालं, मराठीसाठी तीन दाबा. मी तीन दाबलं. एक हिंदी बोलणारी मुलगी आली. मुलगी गोड होती. तिनं विचारलं, मॅडम, लॅपटॉप गिरा था क्या?

“पडला नाई, आपटला नाई,” मी म्हटलं. “बसल्या जागी गेला. आमचा शालिकराम मामा गेला होता तसा.”

तिला फार वाईट वाटलं. ते लॅपटॉपबद्दल की मामाबद्दल हे तिनं सांगितलं नाही. मग तिनं मशीनचा नंबर मागितला. नंबर लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवलेला असतो. सीमा तीन वर्षं तो मांडीवर घेऊन बसली होती, त्यामुळे पोटाखालचा नंबर घासून साफ झाला होता. मुलगी म्हणाली, हरकत नाही, स्क्रीनवर डावीकडे खाली दिसेल. डावीकडे खालीच तर काळोख होता. म्हणजे स्क्रीन दुरुस्त करायची तर नंबर हवा, आणि नंबर पाहायचा तर स्क्रीन दुरुस्त हवी. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग खोक्यावर असेल.

खोका अकोल्याला होता. उन्हाळ्यात मी लेकीला, गीतांजलीला, त्यात उडदाचे पापड भरून पाठवले होते. इतका मजबूत खोका रिकामा ठेवणं आमच्या घरात बसत नाही. गीतांजलीला फोन लावला. तिनं पापड परातीत काढले, खोका पालथा केला, नंबरचा फोटो काढला आणि कंपनीला परस्पर पाठवून दिला. दहा मिनिटांत तक्रार नोंदली गेली. मला वाटलं, जमलं.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. अकोल्याला आला. नंबर अकोल्याहून गेला, तेव्हा लॅपटॉप अकोल्यालाच असणार, असं सिस्टमनं धरून चाललं होतं. माणसाचं नाव नितेश. त्यानं गीतांजलीच्या घरी खोका तपासला. चारही बाजूंनी फोटो काढले. गीतांजलीनं त्याला चहा दिला, पापड तळून दिले, आणि सांगितलं की बाबा रे, मशीन अमरावतीत आहे. तो म्हणाला, ताई, मला दिलेल्या पत्त्यावर जे आहे तेच मी पाहणार. त्यानं मोबाईलमध्ये लिहिलं: ‘वस्तू तपासली. दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी.’ गीतांजलीच्या फोनवर आकडा आला, तो तिनं विचारल्याबरोबर सांगून टाकला, आणि तक्रार बंद झाली.

मी पुन्हा तीन दाबलं. या वेळची मुलगी वेगळी होती, गोडवा तोच होता. ती म्हणाली, पत्ता बदलून देते, पण अमरावतीला वेगळं केंद्र नाही. अमरावती अकोल्याच्या अंडर येते.

त्या दिवशी खुशालरावांनी पेपर खाली ठेवला. अमरावतीच्या माणसाला तुम्ही काहीही म्हणा, पण हे म्हणू नये. विभाग अमरावतीचा आहे, आयुक्त अमरावतीत बसतात, अकोला आमच्या विभागातला एक जिल्हा आहे. हे सगळं मी तिला वीस मिनिटं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, मॅडम, आप सही हैं, लेकिन सिस्टम में ऐसा ही है. म्हणजे सरकारदरबारी अकोला आमच्या हाताखाली आणि कंपनीत आम्ही अकोल्याच्या. ही बातमी गीतांजलीच्या सासऱ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून मी घरात सगळ्यांना ताकीद दिली.

पत्ता बदलायला फॉर्म होता. वस्तूनं अकोला सोडण्याचं कारण काय? मी सांगितलं, वस्तू अकोल्याला गेलीच नाही. खोका लेकीच्या सासरी आहे, मशीन सुनेच्या सासरी आहे, आणि मी दोन्हीकडची विचारपूस करते. मुलीनं थोडा विचार केला आणि लिहिलं: ‘कौटुंबिक वाद.’

मंगळवारी कंपनीनं दोषाचा पुरावा मागितला. स्क्रीनशॉट पाठवा म्हणाले. सीमानं बटण दाबून काढला आणि पाठवला. दोन तासांत उत्तर आलं: ‘आपण पाठवलेल्या चित्रात स्क्रीन सुस्थितीत दिसत आहे. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात याचा आनंद वाटतो.’ मी ते चित्र मोबाईलवर पाहिलं. खरंच, स्क्रीन लख्ख होती. अमोलनं समजावलं की चित्र मशीनच्या आतून निघतं, आणि आतून मशीनला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. काळं फक्त बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं. हा गुण मी माणसांत पुष्कळ पाहिला होता, मशीनमध्ये पहिल्यांदा पाहिला.

मग बाहेरून, मोबाईलनं फोटो काढला. तो मंजूर झाला. आणि गुरुवारी कुरिअरवाला नवी स्क्रीन घेऊन दारात उभा राहिला.

घरात आनंद झाला. सीमानं कैची आणली. खोक्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं की कंपनीच्या माणसाशिवाय कोणी सील तोडलं तर वॉरंटी संपली. माणूस कधी येणार, ते मोबाईलवर आलं: मंगळवार. परीक्षा सोमवारी.

आता परिस्थिती अशी होती. फुटलेला लॅपटॉप आमच्या घरात. त्याची नवी स्क्रीन आमच्या घरात. दोघांमध्ये अंतर एका टेबलाचं. अमोलकडे तर मोटरपंप उघडायचे पेचकससुद्धा होते. फक्त दोघांची गाठ घालून द्यायचा अधिकार आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. मी खोका कपाटावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. बायका यायच्या, वर पाहायच्या, म्हणायच्या, आली वाटते. मी म्हणायचे, हो, आली, पण अजून मुहूर्त नाही.

सीमा उजवीकडच्या भागावर तयारी करत होती. प्रबंधाचं पान ती सरकवत सरकवत उजवीकडे आणायची आणि वाचायची. शुक्रवारी दुपारी ती स्वयंपाकघरात घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मी दारात उभी राहिले तशी म्हणाली, “आई, राहू द्या नं. पुढच्या वर्षी देईन मी.”

“पुढच्या वर्षी पाठवू म्हणूनच मले चौथीनंतर शाळेतून काढलं होतं,” मी म्हटलं. “ते पुढचं वर्ष अजून आलं नाई.”

तिनं भांडं खाली ठेवलं. वहीकडे हात गेला नाही, त्यावरून मला कळलं की हा टोमणा नव्हता.

रविवारी सकाळी मी गीतांजलीकडून त्या नितेशचा नंबर घेतला आणि त्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या परतवाड्याला जायचं आहे, तिथून पुढे सेमाडोहला. तुमचं काम मंगळवारी लागलं आहे, सिस्टममधून त्याला हात लावता येत नाही.

“नको लावू हात,” मी म्हटलं. “तू कोठचा?”

“पातूरचा जी.”

“पातूरले कोणाचा?”

आमच्याकडे विचारपूस इथून सुरू होते. वडिलांचं नाव, मग आजोबांचं, मग आईचं माहेर. आईच्या माहेरावर थोडा घोटाळा झाला, कारण त्या गावाची दोन आडनावं माझ्या डोक्यात एक झाली होती. पण शेवटी कौशल्या निघाली. कौशल्या ही त्याची सख्खी मावशी, आणि माझ्या चुलतबहिणीची नणंद. हे सगळं चार मिनिटांत झालं. कंपनीला आमचं घर सापडायला सहा दिवस लागले होते.

“म्हणजे मी तुही मावशीच झाली,” मी म्हटलं. “आता मावशीच्या दारावरून सरळ परतवाड्याले जाशीन, अन् कौशल्याले काय तोंड दाखवशीन?”

तो म्हणाला, सकाळच्या गाडीनं उतरतो.

सोमवारी तो नऊ वाजून वीस मिनिटांनी आला. तिशीतला, पाठीवर हत्यारांची पिशवी, चेहरा माझ्या चुलतबहिणीच्या सासरच्यांसारखा लांबोळा. चहा विचारला तर म्हणाला, आधी काम. पण आधी काम नव्हतं, आधी फोटो होते. दाराचा फोटो, सीलचा फोटो, सील तोडतानाचा, तोडल्यावरचा, टेबलाचा, लॅपटॉपचा बंद असताना, उघडा असताना, आणि शेवटी ग्राहकाबरोबर स्वतःचा. कंपनीनं चौदा फोटो सांगितले होते. अमोलच्या लग्नात वऱ्हाडाचे एवढे निघाले नव्हते. यातच दहा वाजत आले. सीमा परीक्षेची साडी नेसून आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

मग नितेशनं लॅपटॉप पुढे ओढला, मोबाईलची बॅटरी लावली आणि वाकून पाहिलं. पाहतच राहिला. पिशवीतून बारीक चिमटा काढला, बटणांच्या डाव्या ओळीत घातला, आणि काहीतरी उचलून उजेडात धरलं. एक तांदळाचा दाणा. हळदीनं पिवळा, टोकाला कुंकू.

“मावशी, हे काय होय?”

“तांदूळ.”

“तांदूळ नाई जी,” तो म्हणाला. “अक्षता होय.”

पातूरचा असल्यामुळे त्याला फसवायची सोय नव्हती. त्यानं दाखवलं. तडा जिथून सुरू झाला होता, बरोबर त्याच्या खाली तो दाणा होता. दाणा आत असताना कोणीतरी झाकण लावलं होतं, आणि नुसतं लावलं नव्हतं, दाबून लावलं होतं.

“दाबून म्हणजे,” पेपरामागून खुशालराव म्हणाले, “कपड्याच्या पेटीवाणी. वरून गुडघा ठेवून.”

आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा माणूस बोलायची वेळ चुकला नव्हता, तो नेमका आज चुकला. आता तुम्हीच सांगा, पूजा झालेलं हत्यार नीट बंद करून ठेवायचं नाही तर काय उघडं टाकायचं? फूल आणि निरांजन मी बाजूला काढलं होतं. अक्षता कोणी वेचून काढतं का? त्या टाकायच्याच असतात. आणि ज्या लॅपटॉपला आशीर्वादाचा एक दाणा पेलवत नाही त्याची चूक नाही, माझी चूक, असं कंपनीचं म्हणणं असेल तर त्या कंपनीनं दसऱ्याआधी तसं कळवायला हवं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलंही. पण नियम नियम होता. ग्राहकाच्या हातून तुटलं तर वॉरंटी नाही. त्यानं फॉर्मवर खरं लिहायचं, नवी स्क्रीन खोक्यात घालायची आणि परत न्यायची. खोटं लिहिलेलं सापडलं तर नोकरी जाणार. हे बोलता बोलता तो स्क्रीन कागदात गुंडाळू लागला. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. साडीचा पदर सीमानं बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं.

“फॉर्म वाच,” मी म्हटलं.

त्यानं मोबाईल उघडला आणि वाचला. बिघाडाचं कारण: उंचावरून पडणे. पाणी शिरणे. जनावर किंवा कीटक. आग. वीज कोसळणे. आपोआप. इतर.

“अक्षता कोठी हायेत?”

“नाईत जी.”

“म्हणजे कंपनीनं समद्या दुनियेचे अपघात मोजले अन् आमचा सण इसरली. मंग तू खरं लिहिशीन कोठी?”

‘इतर’मध्ये लिहावं लागेल, तो म्हणाला. पण ‘इतर’ दाबलं की तक्रार चौकशीला जाते. चौकशीला कामाचे एकवीस दिवस. त्यात तांदळाचा दाणा पुरावा म्हणून बंद पाकिटातून मुख्य कार्यालयाकडे पाठवावा लागणार होता, आणि दाण्याचेही चौदा फोटो.

तो हे सांगत असताना माझी नजर त्याच्या हत्यारांच्या पिशवीवर गेली. पिशवीच्या कप्प्यावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. अजून ताजं.

“हे कोणं लावलं?”

“आईनं,” तो म्हणाला. “दसऱ्याले.”

“झटक.”

त्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. पेचकस पडले, चिमटे पडले, एक ब्रश पडला, आणि त्यांच्या मागून तीन पिवळे दाणे टपटप करत टेबलावर आले. खुशालरावांनी पेपर थोडा खाली घेतला.

“आईनं मोबाईलवरही टाकल्या होत्या जी,” नितेश हळूच म्हणाला. “मी तसाच खिशात घातला. त्याचीही काच गेली.”

“मंग त्याच्या फॉर्मवर काय लिहिलं?”

तो खाली पाहून पेचकस गोळा करू लागला.

“आपोआप,” तो म्हणाला.

यानंतर बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्यानं फॉर्मवर ‘आपोआप’ दाबलं आणि पेचकस हातात घेतला. पण पहिला स्क्रू काढायच्या आधी थांबला. त्याची एक अट होती. काम झालं की कंपनी ग्राहकाला विचारणार, सेवा कशी वाटली, आणि पाचपैकी तारे द्यायला सांगणार. त्याला पाच तारे हवे होते. मागच्या आठवड्यात गीतांजलीनं त्याला चार दिले होते.

“चार म्हणजे चांगलेच नं,” मी म्हटलं. “पाचातले चार.”

“नाई मावशी. पाच म्हणजे पास. चार म्हणजे नापास. अजून एकदा चार आले तर मले वऱ्हाडातून काढून दुसरीकडं टाकतात.”

“मंग एक, दोन, तीन कायले ठेवले?”

“शोभेले,” तो म्हणाला.

मी चौथी पस्तीस मार्कांनी पास झाले होते आणि मास्तरांनी माझी पाठ थोपटली होती. पाचातले चार मिळवून माणूस नापास होतो अशी शाळा मी पाहिली नव्हती. पण लेकीनं नापास केलेल्याला आईनं पास करावं, यात गैर काय? मी हो म्हटलं. मी आयुष्यात खोटं बोललेली नाही. पण दहा दिवस ‘आपोआप’ म्हणून म्हणून तोंडाला थोडी सवय झाली होती.

दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी स्क्रीन लागली. डावीकडून उजवीकडे लख्ख. सीमानं लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन मांडला. परीक्षेच्या नियमानं खोलीत दुसरं माणूस नको आणि मोबाईल नको. मोबाईल माझ्या हातात देऊन तिनं आतून दार लावून घेतलं, आणि मी दाराबाहेर पाट टाकून बसले. नितेशला पोहे दिले. तो खात असतानाच सीमाच्या मोबाईलवर तारे आले. पाचही मीच दिले, बोटानं एकेक मोजून. खाली दोन ओळी लिहायला जागा होती. मी सांगितलं, नितेशनं लिहिलं: ‘अत्यंत तत्पर सेवा. कोणतीही अडचण आली नाही.’ मग पोहे संपवून तो परतवाड्याच्या गाडीला गेला.

आतून आवाज येत होता. मी कान लावला नव्हता, पण दार पातळ आहे. एक परीक्षक विचारत होते की हे एकशे एकतीस टोमणे एकाच स्त्रीकडून मिळाले असं तुम्ही लिहिता, हे अतिशयोक्त वाटत नाही का, एक बाई एवढं बोलूच कशी शकते. सीमा म्हणाली, “सर, त्या दाराबाहेर बसल्या आहेत. विचारू का?” परीक्षक म्हणाले, नको, नको, आणि पुढच्या पानावर गेले. महिन्याभरानं निकाल आला. पहिला वर्ग. मी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकीला सांगितलं की यात एकशे एकतीस गोष्टी माझ्या आहेत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, कंपनीचं पत्र आलं. सीमानं मोठ्यानं वाचून दाखवलं. कंपनीच्या लक्षात आलं होतं की अकोला आणि अमरावती भागात दसऱ्यानंतरच्या आठवड्यात स्क्रीन आपोआप जाण्याचं प्रमाण एकाएकी वाढतं. तज्ज्ञांनी अभ्यास केला. हवेतला ओलावा मोजला, कापसाची धूळ मोजली, विजेचा दाब मोजला. कारण सापडलं नाही. तरी ग्राहकांच्या काळजीपोटी कंपनी सूचना देत होती: या काळात लॅपटॉप विनाकारण उघडा ठेवू नये. घट्ट बंद करून ठेवावा.

खुशालरावांचा पेपर बराच वेळ हलत होता.

त्याच आठवड्यात समोरच्या चारुशीलाबाई आल्या. त्यांचे यजमान वकील, घरात चार पिढ्यांचं शिक्षण, सगळं पारखून घेणार. नव्या लॅपटॉपचा खोका दाखवायला आल्या होत्या, आणि कंपनी तीच होती. मी विचारलं, हीच कशी निवडली? त्या म्हणाल्या, “अहो मैनाबाई, आम्ही तारे पाहूनच घेतो. कोणाच्या सांगण्यावर नाही. इथल्याच एका ग्राहकानं लिहिलंय, कोणतीही अडचण आली नाही.” मी म्हटलं, छान केलंत. पूजा करणार असाल तर अक्षता झाकणावर टाका, आत नको. त्यांना वाटलं मी अडाणी आहे.

तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर वाटू द्या. पुढच्या वेळी मिक्सर नाहीतर पंखा घ्यायला बसाल आणि चष्मा सावरून तारे मोजाल, तेव्हा त्यातले पाच माझे असू शकतात एवढं लक्षात ठेवा. बाकीचे कोणी दिले ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याही दारात कधीतरी एक माणूस मोबाईल धरून उभा होता, आणि तुम्ही घाईत त्याला विचारलं होतं, किती द्यायचे रे? त्यानं सांगितले तेवढेच दिलेत ना?